सोळा रुपयांचा चेहरा

२०१७ साली आमच्यापैकी एकाच्या खात्यावर पंचवीस सेंट जमा झाले. त्या वेळच्या भावाने सोळा रुपये. छायाचित्रे स्वस्तात विकणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाकडून आलेली ही रक्कम उदगीर तालुक्यातील एका आजींच्या चेहऱ्याची होती. हत्तीबेटाच्या वाटेवर, घराच्या ओट्यावर, एक हात गुडघ्यावर ठेवून आजी बसल्या होत्या. सकाळचे ऊन तिरपे येत होते आणि सुनेबद्दल काहीतरी सांगताना त्या हसण्याच्या बेतात होत्या. आमचा मित्र महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो आणि रविवारी कॅमेरा घेऊन फिरतो. त्याने ते छायाचित्र काढले आणि संकेतस्थळाच्या नियमाप्रमाणे संमतिपत्रावर आजींचा अंगठाही घेतला. संमतिपत्र दोन पानांचे आणि इंग्रजीत होते. मित्राने ते आजींना 'वाचून दाखवले', म्हणजे "फोटो इंटरनेटवर जाईल, चालंल का?" एवढे विचारले. आजी म्हणाल्या, "जाऊ दे की."

दोन वर्षांनी आजींचा नातू, आमचाच बी. ए.चा माजी विद्यार्थी, मोबाइल घेऊन वर्गाबाहेर उभा राहिला. पडद्यावर गुडघेदुखीच्या एका तेलाची जाहिरात होती, आणि तेल लावण्यापूर्वीची दुःखी वृद्धा म्हणून आजी होत्या. हसण्याच्या बेतात असलेले तोंड आता वेदनेने वाकडे झालेले वाटत होते. चित्र तेच होते, फक्त शेजारी लिहिलेले वाक्य बदलले होते. नातू रागावला नव्हता. त्याने दोनच प्रश्न विचारले. "सर, आजीला गुडघ्याचं दुखणं हाय म्हणून कुणी सांगितलं ह्यांना?" आणि "किती आलं सर?" मित्राने खरे उत्तर दिले. त्या उत्तरावर त्या गावात आजही कोणाचा विश्वास नाही. मास्तरांनी आजीचा फोटो अमेरिकेत लाखाला विकला, हीच हकीकत तिथे रूढ आहे आणि आता ती पुसता येणार नाही.

तेव्हापासून आमच्यात हा वाद चालू आहे. हौशी छायाचित्रकाराने आपली चित्रे अशा स्वस्त पेढ्यांवर विकावीत की नाही? आमच्यात तिघे पूर्णवेळ पगारी अध्यापक आहेत, एक निवृत्त आणि एक हा तासिकावाला. पाचही जणांकडे कॅमेरे आहेत, मत मात्र एक नाही, आणि या लेखात ते झाल्याचा आव आम्ही आणणार नाही.

प्रथम हा बाजार उभा कसा राहिला ते पाहू. आयस्टॉकफोटो हे संकेतस्थळ २००० साली कॅनडातील कॅल्गरी येथे सुरू झाले तेव्हा ते विक्रीचे दुकान नव्हते. आरेखन करणारी माणसे तेथे आपली चित्रे आपसांत फुकट वापरायला देत. पुढे खर्च निघावा म्हणून नाममात्र किंमत लावण्यात आली, आणि नाममात्र किमतीलाही प्रचंड गिऱ्हाईक असते हे ध्यानात आले. २००३ मध्ये न्यूयॉर्कहून शटरस्टॉक आले व त्याने एकेका चित्राची किंमतच काढून टाकली. महिन्याची वर्गणी भरा आणि हवी तेवढी चित्रे उतरवून घ्या. २००६ मध्ये गेटी इमेजेस या बड्या कंपनीने आयस्टॉकफोटो पाच कोटी डॉलरना विकत घेतले. आपसांतल्या देवघेवीतून उभ्या राहिलेल्या वाड्याला सहा वर्षांत मालक मिळाला.

त्याच वर्षी जूनमध्ये 'वायर्ड' मासिकातील जेफ हाव यांच्या लेखात एक हकीकत आली होती. वॉशिंग्टनच्या एका आरोग्य संग्रहालयाला आजारी माणसांची छायाचित्रे हवी होती. एका व्यावसायिकाने सवलत देऊन चित्रामागे शंभर-दीडशे डॉलर सांगितले. संग्रहालयाने अखेर छप्पन्न चित्रे आयस्टॉकफोटोवरून सुमारे एकेक डॉलरला घेतली. २००९ च्या एप्रिलमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नाण्यांनी भरलेल्या बरणीचे चित्र आले. ते काढणाऱ्या हौशी माणसाला सुमारे तीस डॉलर मिळाले होते. व्यावसायिकांनी मोठा गहजब केला. तो माणूस मात्र खुशीत होता, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आपले चित्र आले म्हणून. या खुशीची आम्ही टिंगल करणार नाही. दिवाळी अंकात पहिली कविता छापून आली तेव्हा मानधनाचे पाकीट आले की नाही हे आम्ही तरी कोठे पाहिले होते?

जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तीन तऱ्हेचे लोक जातात, असे आपल्याकडे म्हणतात. या संकेतस्थळांची सारी कमाई हौश्यांवर उभी आहे. 'हौशी' हा शब्द आपल्याकडे कमीपणाचा नाही. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्यस्पर्धा हौशी रंगकर्मींचीच आहे, आणि तिच्यातून काय काय आले हे मराठीच्या अध्यापकांना सांगायला नको. परंतु नाटकातला हौशी स्वतःच्या खिशातले घालून प्रयोग करतो. त्याच्या हौसेवर तिसराच कोणी वर्गणी गोळा करत नाही. येथे हौस एकाची, वर्गणी दुसऱ्याची आणि पेढी तिसऱ्याची, अशी वाटणी आहे. २०२० च्या जूनमध्ये शटरस्टॉकने मोबदल्याची पद्धत बदलली. एका उताऱ्याला किमान दहा सेंट मिळतील असे ठरले, आणि वर्षभरात चढलेली पायरी दर १ जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर आणली जाऊ लागली. जगभरच्या अनेक छायाचित्रकारांनी निषेध म्हणून आपली चित्रे काढून घेतली. पेढी बंद पडली नाही. दहा सेंट म्हणजे आजच्या भावाने आठ-नऊ रुपये. उदगीरच्या बसस्थानकासमोर तेवढ्यात चहा येत नाही.

येथवर आले की चर्चा नेहमी व्यावसायिकांच्या पोटाकडे वळते. स्वस्तात विकणाऱ्या हौश्यांनी धंद्याचे वाटोळे केले, ही तक्रार आम्ही उदगीरच्या स्टुडिओवाल्यांकडूनही ऐकली. त्यांच्या बाबतीत मात्र ती फारशी खरी नाही. त्यांचे गिऱ्हाईक लग्नाचे, बारशाचे आणि अर्जावर चिकटवायच्या फोटोचे. ते मोबाइलने नेले, संकेतस्थळांनी नाही. पुण्या-मुंबईच्या जाहिरात छायाचित्रकारांची गोष्ट वेगळी, पण त्यांच्या वतीने उदगीरहून भांडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही.

आम्हांला बोचतो तो भाग निराळा आणि घरचा आहे. स्वस्तात कोण विकू शकतो? ज्याचे पोट त्यावर नाही तोच. आमच्यातल्या तिघांना दरमहा पगार येतो. सोळा रुपये आले काय आणि न आले काय, आमच्या घरची चूल त्यावर अडत नाही; म्हणूनच आम्ही सोळा रुपयांना विकू शकतो आणि वर त्याला छंद म्हणू शकतो. हा खेळ आम्ही कॅमेरा हाती येण्याच्या आधीपासून खेळत आलो आहोत. परीक्षेची गाइडे कोण लिहिते? विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला की पंधरा दिवसांत एकरकमी थोडक्या पैशांत, नाव न घालता, सर्व हक्क सोडून पुस्तक लिहून देणारे आमच्याच पेशातले असतात. ज्याला लेखनावरच जगायचे आहे त्याने प्रकाशकाकडे योग्य मोबदला मागितला की त्याला आमचे उदाहरण दाखवले जाते: प्राध्यापक मंडळी तर एवढ्यात लिहून देतात. पगारदाराची हौस ही बिनपगारी माणसाच्या मजुरीचा भाव पाडते. छायाचित्रांत ते परदेशातल्या अनोळखी माणसाच्या बाबतीत घडते म्हणून दिसत नाही, गाइडांत ते शेजारच्या गल्लीत घडते.

यावर आमच्यातील निवृत्त गृहस्थांनी लघुअनियतकालिकांची आठवण काढली. 'शब्द', 'असो', 'वाचा' यांत लिहिणाऱ्यांना कोणी मानधन देत होते काय? नव्हते. पण तेथे फुकट लिहिणे आणि स्वस्तात विकणे यांत गल्लत होते. त्या अंकांचा बाजारच नव्हता. संपादक, लेखक आणि अनेकदा वाचकही तेच, खर्चही त्यांचाच. त्यांनी कोणाचा भाव पाडला नाही, कारण त्यांनी भाव लावायलाच नकार दिला होता. फुकट देणारा माणूस वस्तूला मोल नाही असे म्हणत नाही, मोल घेणार नाही असे म्हणतो. सोळा रुपये घेणारा मात्र मोल किती ते स्वतःच्या सहीनिशी कबूल करतो.

पैशांपेक्षा अधिक छळणारा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर मांडावा म्हणूनच हा लेखनप्रपंच.

चित्र संकेतस्थळावर चढवताना त्याला वीस-पंचवीस शब्द जोडावे लागतात. गिऱ्हाईक शब्दांनी शोधते, त्यामुळे शब्द नसलेले चित्र विकले जात नाही. आजींच्या चित्राला आमच्या मित्राने जोडलेले शब्द त्याने आम्हांला दाखवले. मूळ इंग्रजीत होते, मराठीत असे: वृद्धा, भारतीय, खेडे, गरीब, सुरकुत्या, दुःख, एकटेपणा, पारंपरिक, वेदना. आजींना चार मुले, नऊ नातवंडे आणि एक पणतू आहे. दुपारभर त्यांच्या ओट्यावर बायका जमलेल्या असतात. एकटेपणा कोठून आला? "तसं लिहिलं की चित्र जास्त वेळा दिसतं," असे मित्र म्हणाला. तो खोटारडा नाही. तो बाजाराचे व्याकरण पाळत होता. त्या व्याकरणात उदगीर हा शब्द कोणी शोधत नाही, देवर्जन शोधत नाही, आजींचे नाव तर नाहीच नाही. शोधतात ते 'भारतीय गरीब वृद्धा'.

शालेय व्याकरणात आपण विशेषनाम आणि सामान्यनाम शिकवतो. विशेषनाम सामान्यनामासारखे वापरले जाते तेव्हा 'आमच्या वर्गात तीन कुंभकर्ण आहेत' अशी उदाहरणे देतो. तेथे निदान कुंभकर्ण ओळखीचा राहतो. साठ्यातल्या चित्रात विशेषनामाचे सामान्यनाम होते आणि मूळ विशेषनाम पुसले जाते. ते पुसले जाणे हा अपघात नसून मालाची गुणवत्ता आहे. कोठल्याही जाहिरातीत बसावे म्हणून ते चित्र कोठलेच नसावे लागते. उदगीरच्या किल्ल्याचे चित्रही असेच विकले जाते. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला याच परिसरात हरवले, त्यानंतर एका वर्षाच्या आत ते पानिपतावर पडले. किल्ल्यात उदागीर बाबांची समाधी आहे आणि लोक तेथे नवस बोलतात. साठ्यात तो 'प्राचीन भारतीय किल्ला, अवशेष' असतो. एखाद्या परदेशी कादंबरीच्या मुखपृष्ठावर तो राजस्थानातला म्हणून उभा राहिला तर हरकत घेणार कोण?

ही खोड संकेतस्थळांनी लावली असे मात्र नाही. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा संग्रह निघाला. त्यात चारशे अडुसष्ट छायाचित्रे होती. बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही. जात, जमात किंवा जथा आहे. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना रयतेची ओळख करून घ्यायची होती, आणि ती माणसामाणसाने नव्हे तर नमुन्यानमुन्याने. आज नमुना मागणारे सरकार नाही, जाहिरात आरेखणारा कोणी तरुण आहे, त्याला संध्याकाळपर्यंत काम संपवायचे आहे. पण माणूस नमुना म्हणून मांडण्याची रीत तीच. फरक एवढा की तेव्हाचा छायाचित्रकार बाहेरून आलेला होता. आजच्या नमुन्याला शब्द जोडणारा आजींच्या नातवाचा मास्तर आहे.

आमच्या वाङ्मयाकडेही थोडे पाहावे. मराठवाड्यातील नियतकालिकांत दर उन्हाळ्यात येणाऱ्या कविता आठवा: भेगाळलेली जमीन, आटलेली विहीर, आभाळाकडे डोळे लावून बसलेला बाप. यांतील किती बापांना नाव असते, गाव असते, सातबाऱ्यावर किती गुंठे आहेत याचा पत्ता असतो? शब्दांचाही एक स्वस्त साठा असतो आणि त्यातून उतरवून घेताना वर्गणीही भरावी लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या आठवड्यात लातूरच्या फलाटावर घागरीपेक्षा कॅमेरे अधिक असावेत असे वाटत होते. आम्हीही गेलो होतो. आमच्या चित्रांत घागरी आहेत, रांगा आहेत, भेगा आहेत. रांगेतल्या एकाही बाईचे नाव आमच्यापैकी कोणी टिपून ठेवलेले नाही. ती चित्रे आम्ही विकली नाहीत, एवढ्यावरून आम्ही फार शहाणे ठरत नाही.

नाव पुसल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. चेहरा भलत्या वाक्यात जाऊन बसतो, हे बिघडते. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सीमेवर कृषी कायद्यांविरुद्ध बसलेल्या एका पंजाबी शेतकऱ्याला आपलेच हसरे छायाचित्र त्याच कायद्यांची भलामण करणाऱ्या जाहिरातीत सापडले. जाहिरात भारतीय जनता पक्षाच्या पंजाब शाखेची होती. २०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एका वृद्धाचा चेहरा झळकला. पुणे जिल्ह्यातील एका कुटुंबाने तो ओळखला, कारण तो तीन वर्षांपासून बेपत्ता असलेल्या त्यांच्या वडिलांचा होता. तीन वर्षे पोरांना न सापडलेला बाप जाहिरातवाल्याला सापडला होता. ही चित्रे कोणत्या वाटेने तेथे पोहोचली हा येथे मुद्दा नाही. चेहऱ्याला पत्ता नसला की तो कोठेही पोहोचतो, एवढे पुरे.

कायदा अशा वेळी कोणाच्या बाजूने असतो? १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नात स्टुडिओवाल्याने काढलेल्या चित्रांचा हक्क लग्नघराचा. परंतु ओट्यावर बसलेल्या ज्या बाईने पैसे दिले नाहीत, तिच्या चित्राचा हक्क कॅमेऱ्यावाल्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. आजी गेल्या, आमचा मित्र गेला, तरी पुढची साठ वर्षे आजींचा चेहरा मित्राच्या वारसांचा. आजींच्या नऊ नातवंडांपैकी कोणाचा नाही. पैसे देऊन फोटो काढून घेणाऱ्याला हक्क आणि विश्वासाने समोर बसणाऱ्याला अंगठा, अशी ही वाटणी आहे. तो अंगठा तेलाच्या जाहिरातीपर्यंत पोहोचला का, हे आम्ही एका वकील स्नेह्यांना विचारले. दुखणाईत म्हणून दाखवण्यावर अशा परवान्यांत सहसा अटी असतात, पण त्या अटींसाठी भांडायचे तर ते इंग्रजीत आणि परदेशी कंपनीशी, असे त्यांनी सांगितले. गावाकडून कोणी भांडायला गेले नाही.

मग विकण्याऐवजी फुकट द्यावे काय? आमच्यातले दोघे या मताचे आहेत, आणि बऱ्याच अंशी ते आम्हां सर्वांना पटते. विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त चित्रसाठा २००४ पासून चालू आहे. तेथे चित्रकर्त्याचे नाव राहते, चित्र कोठले ते लिहिता येते, तेही मराठीत, आणि तेथून ते मराठी विकिपीडियाच्या पानावर जाते. किल्ल्याचा दरवाजा, देवणी गाय, शिलालेख, तुरीचे फूल, नदीचा बांध: हे सारे तेथे नावागावासह देणे हे पंचवीस सेंटांपेक्षा अधिक मोलाचे, असे आम्हांला निःशंक वाटते. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, भारत सासणे अध्यक्ष होते, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही येथेच झाले. उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात त्या तीन दिवसांत किती छायाचित्रे निघाली असतील! पुढे-मागे कोणी अभ्यासक ती शोधू लागला तर ती आमच्या जुन्या मोबाइलांत कुजलेली सापडतील. ही चित्रे विकली नाहीत याचे भूषण नको. दिली नाहीत याची लाज वाटायला हवी.

पण चेहऱ्यांना हा उपायही लागू पडत नाही. २००७ मध्ये व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने फ्लिकरवरून एक छायाचित्र उचलले. टेक्सासमधल्या एका किशोरवयीन मुलीचे ते चित्र तिच्या ओळखीच्या माणसाने काढून मुक्त परवान्याखाली ठेवले होते. कंपनीने ते भर रस्त्यावरच्या जाहिरातीत लावले, तिची खिल्ली उडवणाऱ्या ओळीसह. कुटुंबाने अमेरिकेत दावा लावला, तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. चित्रकर्ता उदार होता, त्याचा हेतू निर्मळ होता. पण जे दान त्याने केले ते त्याचे नव्हतेच. दगड, झाड, शिलालेख आपण देऊ शकतो. शेजाऱ्याचा चेहरा विकण्याचा अधिकार नसेल तर दान करण्याचा कोठून येतो?

आता यंत्रांचा प्रश्न आला आहे, त्याविषयी थोडक्यात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शटरस्टॉकने ओपनएआय या कंपनीशी भागीदारी जाहीर केली. शब्द दिले की चित्र तयार करणाऱ्या यंत्राच्या शिकवणीसाठी आपला साठा आधीच पुरवला होता असेही सांगितले, आणि छायाचित्रकारांसाठी एक निधी काढला. गेटीने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआयवर लंडनमध्ये दावा लावला, त्याच्या २०२५ च्या नोव्हेंबरमधील निकालात प्रताधिकाराच्या मुद्द्यावर गेटीच्या हाती काही लागले नाही. हौश्यांनी दहा-दहा सेंटांत भरलेली कोठारे अशी दुसऱ्याच गिरणीत दळली जात आहेत. आता 'भारतीय गरीब वृद्धा' असे लिहिले की यंत्र क्षणात तशी बाई उभी करते. आमच्यातले एक जण म्हणाले, बरे झाले, निदान खऱ्या आजींची सुटका झाली. आम्हांला तसे वाटत नाही. त्या नसलेल्या बाईच्या सुरकुत्या कोणाच्या तरी सुरकुत्यांवरून शिकलेल्या आहेत, आणि दुःख व एकटेपणा हे शब्द त्यांना कोणी जोडले होते ते आम्हांला ठाऊक आहे.

एवढा ऊहापोह झाल्यावर आम्ही, म्हणजे आमच्यातल्या चौघांनी, मत बनवले: ओळखू येणारा चेहरा साठ्यावर चढवू नये, अंगठा घेतला असला तरी. दगड-झाडांची चित्रे नावागावासह मुक्त द्यावीत. आणि कोणी प्रकाशक, वृत्तपत्र किंवा संस्था चित्र मागायला आली, तर पगारदार असलो तरी व्यावसायिक मागेल तेवढाच मोबदला मागावा, हवा तर तो दुसऱ्या कामाला द्यावा. पण आकडा खाली आणू नये.

पाचव्याने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्हाला माहीत आहे का, मला महिन्याला किती मिळतात?"

त्याचा हिशेब आम्ही प्रथमच नीट ऐकला. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. दिवाळीचे, परीक्षेचे, उन्हाळ्याचे महिने कोरडे. झालेल्या तासांची बिलेही महिनोन्‌महिने अडकतात. सेट उत्तीर्ण होऊन त्याला अकरा वर्षे झाली. संकेतस्थळावर त्याची सातशेच्या आसपास चित्रे आहेत: सोयाबीनच्या शेंगा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर हळद, वहीवर ठेवलेला चष्मा, नोटा मोजणारे हात. त्यांतून कोरड्या महिन्यात गॅस सिलिंडरपुरते तरी येते. "तुम्ही मला ज्या भावाने वर्गात उभे करता," तो म्हणाला, "तो भाव त्या संकेतस्थळापेक्षा वेगळा आहे का? तिथंही चित्र उतरवलं तर पैसे, इथंही तास झाला तर पैसे. तिथं १ जानेवारीला पहिल्या पायरीवर आणतात, इथं जूनमध्ये. भाव पाडणाऱ्यांत मी नाही, सर. पडलेल्या भावात मी आहे."

आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्याला पगार मिळतो त्याने, ज्याला मिळत नाही त्याला, स्वस्तात विकू नकोस म्हणून सांगायचे, यात काहीतरी अभद्र आहे. वर ज्या गाइडांविषयी आम्ही एवढ्या तोऱ्यात लिहिले, त्यांतली निम्मी कोण लिहिते हेही त्याने आम्हांला सांगितले. नावे पगारदारांची नाहीत. तो परिच्छेद आम्ही खोडला नाही, कारण पगारदारांपुरता तो खरा आहे. परंतु आमचे मत आता आम्हां चौघांपुरतेच आहे. चेहऱ्यांविषयीचे कलम तेवढे पाचव्यालाही मान्य झाले, किंबहुना ते त्यानेच आधी अमलात आणले होते. जाहिरात पाहिल्याच्या आठवड्यात त्याने माणसे असलेली एक्केचाळीस चित्रे उतरवली. आधी विकले गेलेले परवाने त्याने रद्द होत नाहीत. तेलवाले आजींना अजूनही वापरू शकतात.

त्या चित्राची मोठी प्रत उदगीरच्या एका स्टुडिओतून छापून, चौकट करून, तो आजींकडे घेऊन गेला होता. आजींनी ती बराच वेळ उन्हात धरून पाहिली. तेलाची गोष्ट त्यांना नातवाने सांगितलेली होती. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मग पदराची गाठ सोडून त्यांनी किती झाले ते विचारले. तो नको नको म्हणत असताना पन्नासची नोट त्याच्या खिशात कोंबली. "कागदाला पैसं पडल्यात की लेकरा," त्या म्हणाल्या. चौकट आता त्यांच्या घरात, देवाच्या फळीशेजारी आहे.

मित्राने ती नोट खर्च केली की ठेवली, हे आम्ही विचारलेले नाही. गेल्या रविवारी आम्ही सारे किल्ल्यावर गेलो होतो. त्याने दरवाजाच्या खिळ्यांची, तटावर उगवलेल्या पिंपळाची आणि कुलुपांची चित्रे काढली. पिंपळ कॉमन्सला जाईल, कुलुपे साठ्यावर, असे त्याने तेथेच ठरवून टाकले. कुलुपांना चांगली मागणी असते म्हणे. या वर्षीच्या तासिकांचा आदेश अद्याप आलेला नाही.